चौघांचं बक्षीस

बुधाजी तांब्यांना आयुष्यात पहिल्यांदा बक्षीस लागलं आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली.

बक्षीस चहाच्या कंपनीचं होतं. पुड्यातली पंचवीस कूपनं जमवायची, फॉर्मला टाचायची आणि 'मला हा चहा आवडतो, कारण...' हे वाक्य पूर्ण करून पाठवायचं. एकट्या माणसाला पंचवीस कूपनं जमवायला दोन-तीन वर्षं लागावीत. बुधाजींना नऊ महिने लागले. बायको गेल्यापासून दिवसातून आठ वेळा चहा करण्याखेरीज त्यांना दुसरा उद्योग नव्हता. चहा करायचा, प्यायचा, भांडं घासून पालथं घालायचं, की अर्धा तास बरा जायचा. वाक्य पूर्ण करायला मात्र दोन दिवस लागले. शेवटी कंटाळून त्यांनी खरं तेच लिहिलं: 'कारण एकट्यापुरता केला तरी दोन कप होतो.' कंपनीला हे वाक्य फार कौटुंबिक वाटलं.

पत्र छान जाड कागदाचं होतं. खोपोलीच्या बाजूला 'मौजनगरी' नावाचं नवं ठिकाण झालं होतं, पाण्याच्या घसरगुंड्या, पाळणे, राहायला खोल्या, सगळं एका कुंपणात. तिथे बुधाजी आणि कुटुंबाला कंपनीनं ठरवून दिलेल्या शनिवार-रविवारी एक रात्र, दोन दिवस मुक्काम, खाणंपिणं फुकट. बुधाजींनी पत्र डिलाईल रोडच्या चाळीच्या गॅलरीत उभं राहून दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना खालची बारीक ओळ दिसली: 'फॉर्मवर नोंदवलेले चारही सदस्य हजर असणे आवश्यक. अन्यथा बक्षीस रद्द समजावे.'

फॉर्मवर त्यांनी चार नावं लिहिली होती, ती केवळ चार रकाने होते म्हणून. स्वतःचं, मुलगा राजारामचं, सून राधाचं आणि नात पिंकीचं. फोन नंबरच्या रकान्यात राजारामचा कल्याणचा नंबर लिहिला, कारण त्यांना तेवढाच पाठ होता. कॅलेंडरशेजारी भिंतीवर तो पेन्सिलीनं लिहिलेला होता. दोन वर्षं ते रोज त्याच्याकडे बघत होते आणि दोन वर्षांत त्यांनी तो एकदाही फिरवला नव्हता.

भांडण तसं लहानच होतं. आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, माणसं जेवून गेल्यावर राजाराम म्हणाला होता, "बाबा, खोली बंद करा नि कल्याणला चला." बुधाजी म्हणाले, "खोलीवर डोळा आहे तुझा." मग राजाराम म्हणाला, "गिरणीच्या संपानं काय दिलं तुम्हाला? ही एक खोली राहिली, तीपण एकटेच धरून बसलाय." बुधाजींनी दरवाज्याकडे बोट दाखवलं. दरवाजा उघडाच होता, त्यामुळे जाणाऱ्याला काही त्रास झाला नाही. त्यानंतर मुलगा वाट बघत होता बापानं बोलवायची आणि बाप वाट बघत होता मुलानं यायची. दोघांनाही वाट बघायची सवय चांगली होती. संपात अख्खं घर तेच तर शिकलं होतं.

पण आता हातात जाड कागदाचं निमित्त होतं. निमित्त मिळालं की माफी मागावी लागत नाही, हे बुधाजींना कळत होतं. ते पिठाच्या चक्कीला लागून असलेल्या फोनबूथवर गेले. पहिल्या दिवशी पलीकडून राजारामचा आवाज आला, "हॅलो?" बुधाजींनी पटकन फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा "हॅलो?" आला, पुन्हा ठेवला. तिसऱ्या दिवशी "हॅलो" झाल्यावर पलीकडचा माणूस बराच वेळ काही न बोलता थांबला. बुधाजींनी तोंडसुद्धा उघडलं. पण दोन वर्षांनी पहिला शब्द कुठला बोलायचा, हे त्यांनी ठरवलंच नव्हतं. बूथवाला म्हणाला, "काका, बोलायचं नसेल तर फोन कशाला लावता?" बुधाजी खोलीवर आले आणि त्यांनी चहा टाकला.

दुसऱ्या कपाच्या वेळी त्यांना बदलीची आठवण झाली.

गिरणीत कायम कामगार खाड्यावर, म्हणजे गैरहजर असला की साचा बंद ठेवत नसत. गेटवर सकाळी बदली उभे असत, कार्ड हातात धरून. जॉबर, म्हणजे मुकादम, यायचा, बोटानं माणसं वेचायचा. ज्याच्या जागी उभं राहायचं त्याचंच नाव दिवसभर आपलं. आणि कायमवाला उशिरा का होईना येऊन टपकला, तर बदलीनं गुमान घरी जायचं. बुधाजी सूत कातायच्या रिंगखात्यात अकरा वर्षं बदली होते. अकरा वर्षांत ते सखाराम झाले, लक्ष्मण झाले, एकदा तर तीन महिने अब्दुल झाले होते. बाराव्या वर्षी ते कायम झाले, पेढे वाटले, आणि आठ महिन्यांनी संप झाला. कायमपणाची सवय लागायच्या आतच गिरणी गेली. तेव्हा चार माणसांची हजेरी हवी आणि तिघं खाड्यावर असतील तर काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

प्रश्न एवढाच होता, की बदली तरी आणायचे कुठून? गिरणीतल्या सोबत्याच्या, कुशाबाच्या दाराला कुलूप होतं. तो गावाला जाऊन वर्ष झालं होतं. आनंदाकडे गेले, तर त्याची सून म्हणाली, "बाबा गेले की शिमग्यात. तुम्हाला कळलं नाही?" बुधाजी म्हणाले, "कळलं होतं," आणि जिना उतरले. कळलं नव्हतं. अख्खा दिवस चाळीतून हिंडल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की ज्या गिरणगावात पूर्वी एका हाकेला चाळीस बदली उभे राहत, तिथे आता तीन माणसं मिळत नाहीत.

एक मिळाला. पलीकडच्या चाळीतला धोंडू, मालवणकडचा, त्यांच्याच खात्यातला. धोंडू मुलासुनेकडे राहत होता आणि तिथून दोन दिवस सुटका मिळणार असेल, तर त्याची तुरुंगातसुद्धा जायची तयारी होती.

"पण माणसं तीन लागतात रे," बुधाजी म्हणाले.

"मगे काय झाला?" धोंडू म्हणाला. "संपाआधी एकेका माणसाक चार जणांचा काम, चार-चार साइडी दिल्यानी ना? मी तीन माणसां सांभाळतंय."

हिशोब बरोबर होता. शनिवारी सकाळी दोघं दादरहून एसटीनं निघाले. धोंडूनं भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेतली होती, कारण फुकटच्या जेवणावर त्याचा विश्वास नव्हता.

मौजनगरीच्या गेटवर झडती झाली. गिरणीत बाहेर पडताना झडती घेत, कुणी सुताची कांडी लपवून नेतो का म्हणून; इथे आत जाताना घेत होते, कुणी भाकरी लपवून नेतो का म्हणून. भाकऱ्या आणि चटणी गेटवरच राहिली, रिकामा डबा तेवढा आत गेला. "कामाक जाताना असो हलको डबो कधी नेलंय नाय," धोंडू म्हणाला.

स्वागतकक्षात काचेच्या टेबलामागे एक मुलगी बसली होती. तिनं पत्र बघितलं आणि हसून विचारलं, "वेलकम सर! चारही मेंबर्स आलेत ना?"

"आले," बुधाजी म्हणाले.

मुलीनं त्यांच्या मागे पाहिलं. मागे फक्त धोंडू होता.

"हे कोण?"

"हा मुलगा."

धोंडूला त्रेसष्टावं चालू होतं. मुलीनं त्याच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं, मग बुधाजींकडे पाहिलं. "आणि सून?"

"हाच."

"बेबी? बेबी सात वर्षांची लिहिलीय इथे."

"हजर," धोंडूनं हात वर केला.

मुलगी काही तरी बोलणार होती, पण तिचं लक्ष समोरच्या वहीकडे गेलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "एक मिनिट. बुधाजी तांबे? रूम नंबर चौदा? अहो, ही फॅमिली तर ऑलरेडी चेक-इन झालीय. सकाळी नऊला."

"कोण झालं?"

"तांबे फॅमिली. आजोबा, सर, मॅडम, बेबी."

"अहो, आजोबा मी आहे."

"ते पण आहेत," मुलगी म्हणाली.

बुधाजी वहीत डोकवायला एकदम पुढे झाले. सर, मॅडम, बेबी. पण राजाराम आला असता, तर तो आजोबा कुठून आणणार होता? म्हणजे हे दुसरंच कुणी तरी. चाळीच्या जिन्यात उघड्या पेटीत पडलेलं पत्र, कुणीही वाचलं असेल, नावं उतरवून घेतली असतील. ते वहीपासून मागे सरले.

"बोगस हजेरी!" धोंडू ओरडला. "आवशीचो घोव! आमच्या नावावर दुसरोच माणूस कामार!"

हे ओरडणाऱ्याच्या स्वतःच्या नावावर तीन माणसांची हजेरी होती, पण ते त्याच्या लक्षात आलं नाही. मॅनेजर आले. ते भले गृहस्थ होते. त्यांनी पत्र पाहिलं, वही पाहिली, दोघांचे घामेजलेले चेहरे पाहिले आणि दोघांच्या मनगटाला कागदी पट्टे बांधले. "हे आजच्या दिवसाचे पास. फिरा, जेवा. मी त्या फॅमिलीला बोलावून घेतो. पाचच्या आत खरे कोण ते ठरवू. कसंही करून चारच माणसं राहतील, बरं का."

लगेच कर्ण्यातून आवाज आला, "श्री. बुधाजी तांबे जिथे असतील तिथून त्यांनी स्वागतकक्षाकडे यावं."

"आलो," बुधाजी म्हणाले आणि एक पाऊल पुढे झाले. बाकी कुणीच आलं नाही.

मग दोघं शोधायला निघाले. एक म्हातारा, एक तरुण, एक बाई, एक मुलगी; स्वागतकक्षातल्या मुलीनं खूण सांगितली होती, की बक्षीसवाल्यांना पिवळी टोपी आणि गळ्यात नावाची पाटी दिलीय. पण शोधणं सोपं नव्हतं. अख्खी मौजनगरी एकाच रंगाच्या भाड्याच्या चड्ड्यांत होती. ज्यांना ऑफिसात साहेब म्हणत असतील, अशी माणसं त्या चड्डीत पोट सावरत अर्धा-अर्धा तास रांगेत उभी होती आणि अर्ध्या मिनिटात घसरून खाली येऊन पुन्हा रांगेत लागत होती. बायका अख्ख्या साडीनिशी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून काठावरच्या पर्सांवर लक्ष ठेवत होत्या. एक नदी होती. ती गोल फिरून जिथून निघाली तिथेच येत होती आणि माणसं तिच्यात रबरी टायरांवर पडून कुठे तरी चालल्यासारखा चेहरा करत होती.

बुधाजींना एक गोष्ट राहून राहून दिसत होती. इथे एकटा माणूस नव्हता. कुणी कुणाची चप्पल धरून उभं होतं, कुणी कुणाचा टॉवेल. फोटो काढताना प्रत्येक जण दुसऱ्याला "जवळ ये, जवळ ये" म्हणत होता. एका घोळक्यानं बुधाजींच्या हातात कॅमेरा दिला, "काका, जरा सगळे येतील असा काढा ना." त्यांनी सगळे येतील असा काढला. नंतर आणखी तिघांनी त्यांच्याकडूनच काढून घेतला. चार कुटुंबांचे फोटो झाले, त्यातल्या एकाही फोटोत बुधाजी नव्हते, हे साहजिकच होतं.

दमून दोघं मोठ्या तलावाकाठी बसले आणि भोंगा झाला.

गिरणीच्या भोंग्याचा तोच लांब, पोटातून आलेला आवाज. अठरा वर्षांत त्यांनी तो ऐकला नव्हता. बुधाजी उठून उभे राहिले. धोंडूनं रिकामा डबा काखेत मारला आणि चार पावलं चालूनही गेला. मग दोघं थांबले. आजूबाजूची माणसं किंचाळत तलावाकडे धावत होती. पाण्याला लाटा येऊ लागल्या होत्या. इथे भोंगा झाला की लाटा सुटत.

"बस," बुधाजी म्हणाले. "आपला नाय."

जेवणघरात त्यांना पिवळ्या टोप्या दिसल्या.

बुधाजी दारातल्या प्लास्टिकच्या डायनासोरच्या मागे थांबले. टेबलाशी एक मुलगी पाठमोरी बसली होती, दोन वेण्या हलवत. शेजारची बाई तिच्या ताटातलं मिरचीचं भजं काढून घेत होती. ती राधा होती. समोरचा तरुण वळला, तर तो राजाराम होता. त्याचं पोट जरा सुटलं होतं आणि कानापाशी दोन-चार केस पिकले होते. आपल्या मुलाचे केस पिकलेले बापाला माहीत नसावेत, ह्याचं बुधाजींना एकदम फार वाईट वाटलं.

आणि चौथ्या खुर्चीवर गळ्यात 'आजोबा: श्री. बुधाजी तांबे' अशी पाटी घालून एक अनोळखी म्हातारा बसला होता.

"मेल्या, हो तर तुझोच झील!" धोंडू कुजबुजला. "जा ना!"

"कुठे जाऊ? जागा भरलीय."

ती भरलीच होती. राजारामनं म्हाताऱ्याच्या ताटातली पुरी उचलून तिथे मऊ चपाती ठेवली. पिंकी त्याला आपला हलणारा दात दाखवत होती आणि तो तोंडात चष्मा जाईल इतका वाकून बघत होता. "बाबा, पाणी घ्या," राजाराम म्हणाला. म्हाताऱ्यानं निमूट घेतलं. बुधाजींनी ते घेतलं नसतं. मला तहान लागली की मी घेईन, असं म्हटलं असतं. काम तो चोख करत होता. बुधाजींनी अकरा वर्षं बदली म्हणून काढली होती, पण आपल्या जागेवर उभा असलेला बदली त्यांनी आज प्रथमच पाहिला. कायमवाल्यापेक्षा बदली बरा निघाला, तर जॉबर काय करायचा, हेही त्यांना चांगलं माहीत होतं.

त्यांनी जेवण घेतलं नाही. धोंडू तिघांचं जेवला, कारण तिघांची जबाबदारी त्याच्यावर होती.

चारच्या सुमाराला बुधाजी पुन्हा तलावाकाठी येऊन बसले. आता फक्त पाच वाजायची वाट बघायची, मॅनेजरना "मीच खोटा" असं सांगायचं आणि एसटी धरायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. भोंगा झाला. सवयीनं ते उठले, धोंडू उठला. आणि काठावरच्या खुर्च्यांमधून तिसराच एक माणूस ताडकन उठला, त्यानं खांद्यावरची पिशवी सावरली आणि बिचकून इकडेतिकडे पाहिलं. डोक्यावर पिवळी टोपी होती.

तिघं एकमेकांकडे बघत राहिले. बुधाजी त्याच्याजवळ गेले.

"कुठली गिरणी?"

"परळची. फोल्डिंग खातं," म्हातारा ओशाळून म्हणाला. "एवढी वर्षं झाली, पण पाय उठतात हो."

"कायम होता?"

"कुठलं! बदलीच. संप झाला तेव्हा बदली, आणि आजसुद्धा बदलीच आहे." तो खुर्चीत बसला आणि त्यानं गळ्यातली पाटी उचलून दाखवली. "हे माझं नाव नव्हे. मी हरेश्वर. कल्याणला ह्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. घरात मी एकटाच. कुणाला सांगणार नाही ना? सकाळी कर्ण्यावर नाव पुकारलं, तेव्हा मी तासभर संडासात जाऊन बसलो होतो."

"नाही सांगणार. पण त्याचा बाप?"

"त्याच्या बापालाच तर लागलंय बक्षीस. कंपनीचा फोन ह्याच्याकडे आला, पत्र बापाकडे गेलं. हा रोज वाट बघायचा, आज बाबा बोलावतील, उद्या बोलावतील. मग तीन दिवस फोन आले. पलीकडून कुणी बोलेचना. पण मागे पिठाच्या चक्कीचा आवाज. हा मला म्हणाला, 'काका, तो माझा बाप. फोन लावतोय, पण बोलत नाही, म्हणजे अजून राग आहे.'" हरेश्वरनं टोपी सारखी केली. "मग म्हणाला, बाबांचं नाव त्या कागदावर आहे, ते रद्द व्हायला नको. आणि पोरीला आजोबा हवे होते. मी म्हटलं, दोन दिवस मी उभा राहतो. आपल्याला काय, तेच तर येतं."

लाटा काठावर येऊन फुटत होत्या.

"चांगला मुलगा आहे हो," हरेश्वर म्हणाला. "पण सकाळपासून मला जरा अवघड झालंय. तो माझ्यावर तालीम करतो."

"कसली?"

"माफीची. सकाळी एकदा झाली. तो बोलायचं बोलणार, आणि मी बाप म्हणून फक्त चिडायचं, असं ठरलंय. म्हणतो, 'तुम्ही चिडलात तरी मला बोलता आलं पाहिजे, मगच मी डिलाईल रोडला जाईन.' आता चहा आणायला गेलाय. दुसरी तालीम आहे." मग त्याला काही तरी वाटलं आणि त्यानं बुधाजींकडे नीट पाहिलं. "तुम्ही कुठल्या गिरणीचे म्हणालात?"

"मी डिलाईल रोडचा," बुधाजी म्हणाले.

हरेश्वरनं पाटीवरचं नाव एकदा वाचलं. मग तो उठला. त्यानं गळ्यातली पाटी काढली, डोक्यावरची टोपी काढली आणि दोन्ही बुधाजींच्या हातात दिली. कायमवाला आला, की बदलीनं हेच करायचं असतं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बुधाजींना पाठ होतं. कितीतरी सकाळी ते त्यांच्याही चेहऱ्यावर आलं होतं.

"अहो, थांबा," बुधाजी म्हणाले. "तुम्ही बसा. जेवणाच्या सुट्टीनंतर कुणी बदलीला हाकलत नाही."

"नाही, नाही. कायदा तो कायदा. चारच माणसं." हरेश्वर घाईनं म्हणाला, कारण आणखी थांबला असता तर त्याला जाववलं नसतं. "चार्ज घ्या. पोरीला डाव्या बाजूनं चावता येत नाही, दात हलतोय. सूनबाई तुमची बाजू घेते, पण नवऱ्यासमोर नाही. तो पाणी देईल ते घ्यायचं, नाही म्हणायचं नाही, त्याला बरं वाटतं. आणि..." तो अडखळला. "सकाळी नऊपासून मी केलं. ठीक केलं ना?"

"चोख केलंत," बुधाजी म्हणाले. "माझ्यापेक्षा चोख. डिलाईल रोडला या. चहा करतो."

"येऊ?" हरेश्वरनं विचारलं. असं कुणी बोलावून त्याला बरीच वर्षं झाली असावीत.

"माझी पण ड्युटी संपली," धोंडू म्हणाला. "तीन माणसांची एकदम." त्यानं डबा बुधाजींच्या खुर्चीवर ठेवला आणि हरेश्वरच्या खांद्यावर हात टाकला. "चला हो. गेटार माझ्यो भाकऱ्यो अडकल्यो हत. सोडवूया नि एसटीत खाऊया." दोघं बदली गेटकडे चालू लागले. डायनासोरपाशी हरेश्वरनं एकदा वळून पाहिलं, पाण्यात खेळणाऱ्या पिंकीकडे. मग तो दिसेनासा झाला.

बुधाजींनी पाटी गळ्यात घातली. तीवर त्यांचंच नाव होतं, तरी ती दुसऱ्या कुणाची तरी घातल्यासारखी जड लागत होती. त्यांनी टोपी कपाळावर ओढली आणि ते पाण्याकडे तोंड करून बसले.

मागून पावलं आली. शेजारच्या खुर्चीत राजाराम बसला. त्यानंही पाण्याकडेच तोंड ठेवलं. बदलीच्यासुद्धा डोळ्याला डोळा द्यायची त्याची हिंमत नव्हती.

"करूया, काका?" तो म्हणाला आणि त्यानं घसा साफ केला. "बाबा, मी संपावरनं बोललो ते बोलायला नको होतं. तुम्ही संपात उभे राहिलात, ते पण आमच्यासाठीच ना. मला तेव्हा राग होता, शाळा सुटली म्हणून. पण तो तुमच्यावर काढायचा नव्हता. खोली नको मला. तुम्ही खोलीत रहा, नाय तर कुठे पण रहा. फक्त फोन लावला की बोला. नुस्ती चक्की ऐकून मला झोप नाय लागत, बाबा."

बुधाजी चिडायला तयारच होते. ठरल्याप्रमाणे चिडायचंच होतं. आयुष्यभर त्यांना जे सहज जमलं, तेच नेमकं आज जमेना. टोपीखालून पाणी थेट पाटीवर पडत होतं.

राजाराम कंटाळून म्हणाला, "काका, चिडा ना! असं गप्प बसून कसं चालेल? माझा बाप असा गप्प बसणारा माणूस नाय."

"चहा गार होतोय," बुधाजी म्हणाले. "माझा कप कुठे आहे?"

राजारामची मान गरकन वळली. त्यानं टोपीखाली पाहिलं. त्याच्या हातात कागदाचा एकच कप होता.

"एकच आणला," तो कसाबसा म्हणाला. "काका चहा पीत नाहीत."

बुधाजींनी त्याच्या हातातून कप घेतला. धोंडूच्या डब्याचं झाकण काढलं, त्यात अर्धा चहा ओतला, झाकण स्वतःकडे ठेवलं आणि कप मुलाला परत दिला. "घे," ते म्हणाले. "होतो दोघांना."

पाच वाजले. कर्णा खरखरला. "श्री. बुधाजी तांबे जिथे असतील तिथून त्यांनी ताबडतोब स्वागतकक्षाकडे यावं."

राजारामनं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. "बाबा, तुम्हाला पुकारतायत."

"पुकारू दे," झाकणातला चहा फुंकत बुधाजी म्हणाले. "सांग त्यांना, माणूस ड्युटीवर आहे."